हद्दीची सबब

प्रश्न : मुंबईत रात्री उशिराच्या लोकलने परतताना महिला डब्यात शिरलेल्या एका इसमाने माझा विनयभंग केला. उतरल्यावर पोलिसांनी ‘आमच्या हद्दीत घडले नाही’ असे सांगून परत पाठविले. आता काय करावे?

उत्तर : भगिनी, आपणांस सांगितलेली सबब कायद्यापुढे टिकणारी नाही, कारण १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, तो कोणत्याही इलाख्यात घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि धावत्या गाडीतील सीमारेषांचा निवाडा करणे हे पीडितेचे काम नव्हे. विनयभंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खालील दखलपात्र अपराध असून त्यास एक ते पाच वर्षांची सजा आहे. जबानी महिला अंमलदारानेच लिहून घ्यावी व फिर्यादीची नक्कल विनामूल्य द्यावी, असाही दंडक आहे. किंबहुना अशी फिर्याद नोंदविण्यात कसूर करणारा अंमलदार स्वतःच कलम १९९ अन्वये कारावासास पात्र ठरतो, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती स्त्रिया निमूटपणे घरी परतल्या असतील, या विचाराने मन व्यथित होते.

विलंबाचा संकोच न धरता लोहमार्ग पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. तेथेही नकार मिळाल्यास तीच हकिकत लोहमार्ग पोलीस आयुक्तांकडे टपालाने धाडावी. स्त्रियांच्या राखीव डब्यात पुरुषाने शिरणे हाही रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६२ अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे, त्याचा उल्लेख अवश्य करावा. यापुढे प्रवासातच मदत हवी झाल्यास १३९ हा क्रमांक फिरवावा.