तांब्याची जाळी आणि ॲल्युमिनियमची जाळी

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. यंत्राविषयी लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार एवढाच की, नागभीडला माझे बाबा रेडिएटर झाळतात आणि त्यांना हवेचा पंप मारून देतच मी मोठा झालो.

मागच्या रोवणीच्या दिवसांत एक गृहस्थ गाडीचा गळका रेडिएटर घेऊन आले. बाबांनी तो हातावर तोलला आणि परत दिला. "हा ॲल्युमिनियमचा आहे भाऊ, याला झाळ धरत नाही. नवाच घ्या." गिऱ्हाईक गेले. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

तांबे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेते. ॲल्युमिनियमची क्षमता तिच्या जेमतेम ६० टक्के. मग इंजिन तापत कसे नाही? उष्णतेचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे: पाण्यातून नळीत, नळीतून पात्यांत, पात्यांतून हवेत. ती अडते शेवटच्या टप्प्यावर, कारण हवा उष्णता सावकाश घेते. रेल्वेचे फाटक बंद असले की सडक किती रुंद आहे याला अर्थ उरत नाही, तसेच हे! म्हणून धातूपेक्षा हवेला भिडणारा पृष्ठभाग महत्त्वाचा. पात्यांना बारीक तिरप्या चिरा पाडतात, त्या यासाठीच. पात्याला चिकटून राहणारा हवेचा थर त्यांनी मोडतो.

जुन्या जाळीत पितळी नळ्या व तांब्याची पाती कथील-शिशाने झाळलेली असतात. ॲल्युमिनियमची जाळी भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसला एकसंध जोडली जाते. त्यामुळे नळ्या रुंद ठेवता येतात आणि पात्यांशी त्यांचा संपर्क वाढतो. तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७, शिवाय तांबे किलोमागे तीन-चार पट महाग. वरची टाकी प्लॅस्टिकची केली की वजन आणखी उतरते. युरोपात १९७०च्या दशकात हे वळण आले. पुढे पुण्याजवळ हिंजवडीला टाटा व जपानच्या टोयो रेडिएटर यांच्या भागीदारीतूनही असे रेडिएटर बनू लागले.

कारखान्याच्या हिशेबात हे स्वस्तच आहे. पण ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा चिवट थर असतो, म्हणून बाबांच्या नवसागराचा आणि खयाचा तेथे इलाज चालत नाही. प्लॅस्टिकची टाकी तडकली तर बहुधा सगळाच बदलावा लागतो. गाडीवाल्याला स्वस्ताई किती पडली, हे पहिल्या गळतीनंतरच कळते.

एक गोष्ट बाबा प्रत्येकाला सांगतात, ती येथे नोंदवतो. ॲल्युमिनियमच्या जाळीत विहिरीचे पाणी ओतू नये, गंजरोधक कूलंटच घालावे. आणि धानाच्या मळणीनंतर पात्यांत अडकलेला भुसा मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावा. जोराच्या धारेने पाती वाकतात.

ट्रॅक्टरच्या जुन्या तांब्याच्या जाळ्या अजून दुकानात येतात. परवा सिंदेवाहीकडची एक आली होती. बाबांनी ती पाण्यात बुडवली, मी पंप मारला, आणि तीन ठिकाणी बुडबुडे निघाले.