सोळा आण्यांचे गणित
(मोठ्या गटासाठी. आई-बाबांनीही वाचावे.)

मुलांनो, नात्यांची नावे आपण शिकलो आहोत. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ, आणि त्यांचे आई-वडील, म्हणजे खापरपणजी-खापरपणजोबा, सोळा. भारतात १९५७ पर्यंत एका रुपयाचे सोळा आणे होत. म्हणून अगदी खऱ्या गोष्टीला आपण अजून 'सोळा आणे खरी' म्हणतो. सोळा पूर्वज, सोळा आणे. हे गणित लक्षात ठेवा.

आजचा शब्द 'वंश'. संस्कृतात वंश म्हणजे बांबूसुद्धा. बांबूला पेरामागून पेर येते तशा घराण्यात पिढ्या येतात. 'वंशावळ', 'वंशाचा दिवा' हे शब्द त्यातलेच. इंग्रजीतल्या 'रेस'लाही आपण वंशच म्हणतो, पण तो अर्थ निराळा. घराण्याचा वंश आजीला विचारून कळतो. हा दुसरा वंश सरकार आणि शेजारीपाजारी ठरवतात. कसा, ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पाहू.

तिथल्या १७८५ च्या कायद्यात चार आणे हिशेब होता. चार आजी-आजोबांपैकी एक काळे असले, तर माणूस गोरा नव्हे. १९१० मध्ये कायदा बदलून हद्द एका आण्यावर आली. सोळा खापरपणजी-खापरपणजोबांपैकी एक काळे असले तरी पुरे. १९२४ मध्ये तर एक थेंबही चालेनासा झाला. म्हणजे १९०९ साली गोरा असलेला माणूस, घर न सोडता आणि आजी न बदलता, पुढच्या साली काळा ठरू शके! गंमत अशी की अमेरिकन इंडियन रक्त मात्र एका आण्यापर्यंत चाले. कारण तिथली काही प्रतिष्ठित गोरी घराणी स्वतःला पोकाहॉन्टसचे वंशज म्हणवीत. कायद्याला त्यांची अडचण करायची नव्हती.

होमर प्लेसी हे न्यू ऑर्लिन्सचे गृहस्थ दोन आणे काळे होते. पाहून कोणाला कळले नसते. १८९२ मध्ये ते मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसले, आपण कोण ते सांगितले आणि अटक करवून घेतली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सरकारी शाळांतली वेगळी व्यवस्था त्याच न्यायालयाने बेकायदा ठरवायला १९५४ उजाडले.

आपल्या लोकांचे काय? भगतसिंग थिंड (क्रांतिकारक भगतसिंग नव्हेत!) हे पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. पंडितांच्या पुस्तकांप्रमाणे आपण कॉकेशियन, असे त्यांचे म्हणणे. १९२३ मध्ये न्यायालय म्हणाले, पुस्तके काहीही म्हणोत, सामान्य माणूस तुम्हाला गोरे समजत नाही. (थोडा खेदही वाटतो : थिंड 'आम्हालाही गोऱ्यांत घ्या' म्हणत होते, भिंत पाडा म्हणत नव्हते.) त्यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. सरकारने पंडितांचेही नागरिकत्व काढून घ्यायचा खटला केला, पण तो ते जिंकले.

जनगणनेत १९२० ते १९४० भारतीयांचा वंश 'हिंदू' लिहीत. शीख, मुसलमान सगळे हिंदूच! १९७० मध्ये आपण 'गोरे' झालो आणि १९८० पासून 'एशियन इंडियन'. माणसे तीच, रकाने बदलले.

मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग हे व्हर्जिनियाचे जोडपे. ती मिश्र वंशाची, तो गोरा. १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले म्हणून रात्री घरात शिरून त्यांना पकडले. शिक्षा : एक वर्ष तुरुंग, नाहीतर पंचवीस वर्षे राज्याबाहेर. १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले. तोपर्यंत ते सोळा राज्यांत होते.

तरी त्यांच्या मुलांसारख्या मुलांना जनगणनेत एकच खूण करता येई. एकाहून अधिक वंशांवर खूण करायची सोय २००० साली आली. त्या साली ६८ लाख लोकांनी तशी खूण केली, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाखांनी. त्यातली बरीचशी वाढ प्रश्न विचारायची आणि उत्तरे नोंदवायची पद्धत बदलल्यामुळेही आहे.

पालकांसाठी दोन शब्द. एक आजी सांगलीची आणि दुसरी ओहायोची, अशी मुले मराठी वर्गांत असतात. 'हा अर्धा मराठी ना?' असे आपण त्यांच्यासमोरच विचारतो. मनात वाईट नसते, पण तो आण्यांचाच हिशेब आहे, आणि मूल ऐकत असते. त्याने स्वतःला काय म्हणावे हे त्यालाच विचारावे. आज एक उत्तर देईल, कॉलेजात गेल्यावर दुसरे. दोन्ही खरी असू शकतात.

शब्दार्थ : पूर्वज – आपल्या आधीच्या पिढ्यांतली माणसे. जनगणना – देशातल्या माणसांची मोजणी. रकाना – कागदावरचा भरायचा चौकोन. मिश्र – मिसळलेले.

गृहपाठ : (१) आपल्या सोळा खापरपणजी-खापरपणजोबांपैकी किती जणांची नावे घरात कोणाला सांगता येतात? फोन करून आजीला विचारा व लिहून आणा. (२) शाळेच्या फॉर्मवर तुमचा वंश कोणी भरला? तुम्हाला विचारले होते का? पाच ओळी लिहा.