बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या टाकीसाठी

भुसावळ,
होळीनंतरचा रविवार

चि. छकुलीस,


टाकी आली, आता शनिवारी गोल्डफिशची जोडी, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला एक सकर आणायचा, असं तू लिहिलंस. शनिवारी काही आणू नकोस. टाकी भर, फिल्टर चालू कर आणि महिना-दीड महिना नुसती चालू दे. रिकाम्या टाकीकडे बघत बसणं जिवावर येईल, मला कळतं. पण याच दिवसांत टाकी खरी तयार होते.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी उरलेल्या खाण्यातून पाण्यात सतत अमोनिया येत असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू जिवाणू वसतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना मारक असतात. नायट्रेट बरंच सोसवतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांनाही काही खायला हवं, म्हणून मासे नसतानाही एक दिवसाआड चिमूटभर खाणं पाण्यात टाक. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा स्पंज तुझ्या टाकीत पिळून घे, काम लवकर होईल.

आता तुमच्या बऱ्हाणपूरच्या पाण्याचं. कुंडी भंडारा तू पाहिलायस. दोह्यांचा रहीम, म्हणजेच अब्दुल रहीम खानखाना, याच्या कारकिर्दीत 1615 साली ते काम झालं. सातपुड्यात मुरून तापीकडे झिरपत निघालेलं पाणी भुयारांत अडवून शहराला पुरवलं. त्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, ते आठव. जमिनीखालून येताना पाणी चुना आणि इतर क्षार विरघळवून आणतं. तुमच्या बोअरच्या बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोही त्यातलाच. असं पाणी जड असतं आणि त्याचा पीएच बहुधा सातच्या वर जातो.

याचे दोन परिणाम आहेत. पहिला माशांच्या निवडीवर. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातला मासा. त्याला तुमच्या पाण्यात आणून झुरवू नकोस. दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. पीएच सातवरून आठवर गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. थंड, मऊ पाण्याच्या गावात जी चूक खपून जाते, ती बऱ्हाणपुरात वैशाखात खपत नाही. तुझ्या टाकीत जेवढे मासे बसतील असं दुकानदार सांगेल, त्याच्या निम्मेच ठेव, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि खाणं. नवीन टाकीतले मासे उपासाने मरत नाहीत, बहुतेक वेळा जास्त खाण्याने मरतात. हिशोब करून बघ. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत छप्पन लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण पंचेचाळीस. एक ग्रॅम खाण्यात चाळीस टक्के प्रथिनं धरली तर त्यात चौसष्ट मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात उतरला, तरी दर लिटरला पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास जातो. एका ग्रॅमने एवढं होतं, आणि एक ग्रॅम म्हणजे फार तर छोटा चमचाभर.

मासा थंड रक्ताचा असतो, शरीर ऊबदार ठेवायला त्याला खावं लागत नाही. सहा लहान माशांना सकाळ-संध्याकाळ बोटांच्या टोकावर मावेल एवढं पुष्कळ होतं. दोन मिनिटांत संपलं तर ठीक, तळाशी गेलं तर जास्त झालं, नळीने काढून टाक. आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नकोस. गावाला गेलात तर मोठा मासा चार-पाच दिवस खाण्यावाचून सहज राहतो, त्याच्यासाठी शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका.

तुमच्या घरात खरी अडचण वेगळी आहे. सकाळी तू घालशील, दुपारी आजी घालेल, कारण मासे काचेशी येऊन तोंड उघडतात आणि तिला ते भुकेले वाटतात. संध्याकाळी पप्पा, रात्री धाकटा. मासा काचेशी येतो तो माणूस दिसला की खाणं मिळतं हे शिकल्यामुळे. म्हणून रोज सकाळी दिवसभराचं खाणं एका छोट्या डबीत काढून ठेव. कोणीही घालावं, पण डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. मोठा डबा कपाटात वर ठेव. आजीला हे नीट समजावून सांग, नुसतं नको म्हणू नकोस. तिला नदीवर माशांना कणकेच्या गोळ्या घालायची सवय आहे. नदी ते वाहून नेते. टाकीतून काहीच वाहून जात नाही.

खाण्याचं पाकीट लहान घे, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपेल असं. अधूनमधून उकडलेला वाटाणा साल काढून, चुरून दे. ट्युबिफेक्सचे जिवंत किडे घेऊ नकोस, ते घाण पाण्यातून येतात आणि रोग आणतात. पोळी, पाव, मुरमुरे अजिबात नको.

मासे कोणते, याला माझं उत्तर एकच आहे: गप्पी. हिवताप आणि डेंग्यूसाठी आरोग्य खात्याचे लोक विहिरींत, हौदांत डासांच्या अळ्या खायला सोडतात तोच. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा, पण जड पाणी आणि उष्णता त्याला मानवते. दुकानातल्या लांब शेपटीच्या रंगीत गप्पींपेक्षा साधे गप्पी चिवट असतात. दुकानदार जोडी देईल, ती घेऊ नकोस, फक्त नर घे. मादी एकटी आणलीस तरी तिच्या पोटात नराचं बीज महिनोन् महिने राहतं आणि ती पुन्हापुन्हा पिल्लं घालते. आधी तीन नर, दोन-तीन आठवड्यांनी आणखी तीन. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेव, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाल, शेवटी जाळीने फक्त मासे उचल. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नकोस.

गोल्डफिश हाताएवढा वाढतो आणि त्याला गार पाणी लागतं. सकर फुटापलीकडे जातो. मग लोक त्याला नदीत सोडतात, आणि असे सोडलेले सकर आज आपल्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरलेत. राजघाटावर नेऊन टाकीतला कोणताही मासा तापीत सोडायचा नाही, गप्पीसुद्धा नाही. हे मला वचन म्हणून हवं आहे.

उन्हाळ्याची तयारी आत्ताच कर. वीस अंशांच्या पाण्यात दर लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. टाकी खिडकीच्या उन्हातून हलव. काचेचं झाकण काढून जाळी लाव आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊ दे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंश उतरते. वाफ होऊन पाणी कमी होतं तेव्हा क्षार मागे राहतात, म्हणून फक्त तेवढी भर आरओच्या पाण्याने घाल. पूर्ण टाकी मात्र आरओने भरायची नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप जवळ असू दे, आणि वीज येईपर्यंत खाणं बंद.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदल. नळाचं पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब घालून मगच टाकीत. साबण कशालाही लावू नकोस. महिन्याच्या महिन्याला टाकी रिकामी करून खडे घासून धुणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस, त्यात सगळे जिवाणू जातात. स्पंजही टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळ.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट मागव. तीन आठवड्यांनंतर दर रविवारी दोन्हींचे आकडे वहीत लिहून मला फोटो पाठव. खाणं टाकत असतानाही दोन्ही शून्य आले की सांग, मी इथून सहा नर गप्पी घेऊन येतो. तीन तुझ्या टाकीत, बाकी तीन तोवर पप्पांच्या जुन्या पिंपात ठेवू, तेवढं ते धुऊन ठेव.

तुझा,
मामा