डेम्लो संख्येची फोड

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मूळ की संयुक्त? भागाकार करीत बसू नका. ११² = १२१, १११² = १२३२१; याच क्रमाने ती १११११११११ चा वर्ग ठरते, म्हणजे संयुक्तच!

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना डोंबिवली स्थानकावरून ‘डेम्लो’ नाव दिले.

आता अवयव पाडू. १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७; ३३३६६७ मूळ आहे. म्हणून आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

विभाजक किती? त्यात ३ हा शून्य ते चार वेळा, उरलेले दोन अवयव शून्य ते दोन वेळा घेता येतात. म्हणून ५ × ३ × ३ = ४५.

वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच का, हे मात्र तुम्ही शोधा. विभाजकांच्या जोड्या लावून पाहा!