मानवी हक्क आयोग : मार्गदाता, मोक्षदाता नव्हे

(अभ्यासपाठ)



धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या घरातून देव्हारा गेला, अंगारे-धुपारे गेले, नवस गेले. परंतु नवस बोलण्याची सवय मनातून जाण्यास वेळ लागतो. ती नवे नाव घेऊन परत येते. गावात अन्याय होतो, पोलीस ठाण्यात दाद मिळत नाही, तेव्हा कोणीतरी सांगतो, "मानवी हक्क आयोगाला अर्ज टाका, सगळे सुतासारखे सरळ होतील." अर्ज जातो. घरची माणसे वाट पाहत बसतात. वर्ष उलटते. मग तोच सल्लागार म्हणतो, "आयोग काही कामाचा नाही." ही दोन्ही बोलणी अज्ञानाची आहेत. पहिल्यात आंधळी श्रद्धा आहे, दुसऱ्यात आंधळी निराशा आहे. आयोगाला कायद्याने काय दिले आणि काय दिले नाही, हे दोघांनीही पाहिलेले नसते.

भगवान बुद्धांनी स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही. ते मार्गदाता होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हा भेद आवर्जून स्पष्ट केला आहे. दाखविणारा वाट दाखवितो, चालायचे ज्याचे त्याने. आयोगाकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

१. आयोग आला कोठून?

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९४८ रोजी, बाबासाहेब आपल्या संविधान सभेत एका कलमावर बोलत होते. मूलभूत हक्क पायदळी तुडविले गेले तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यावे, असे ते कलम होते. आज ते कलम ३२ म्हणून ओळखले जाते. बाबासाहेबांनी त्याला संविधानाचा आत्मा मानले. कारण उघड आहे. हक्क लिहून ठेवला, पण तो मिळविण्याचा उपाय दिला नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. हे कलम ३२ लक्षात ठेवा. पुढे त्याचा उल्लेख येणार आहे.

मानवी हक्क आयोग मात्र संविधानाने निर्माण केलेला नाही. तो संसदेच्या मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ या कायद्याने आला. राष्ट्रीय आयोगाची स्थापना १२ ऑक्टोबर १९९३ रोजी झाली. महाराष्ट्राचा राज्य आयोग २००१ पासून मुंबईतून काम करीत आहे. या कायद्यात २००६ आणि २०१९ साली दुरुस्त्या झाल्या. कायद्याच्या भाषेत मानवी हक्क म्हणजे व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांविषयीचे हक्क. जे संविधानाने दिले आहेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत आणि भारतातील न्यायालये ज्यांची अंमलबजावणी करू शकतात.

२. आयोगाच्या हाती काय आहे?

पहिले, आयोग तक्रारीवरून चौकशी करू शकतो आणि तक्रार नसतानाही स्वतःहून दखल घेऊ शकतो. पीडित माणसाच्या वतीने दुसराही कोणी अर्ज करू शकतो.

दुसरे, चौकशीच्या वेळी आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तो साक्षीदाराला समन्स काढू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो, सरकारी दप्तर मागवू शकतो. सरकारकडून मागविलेला अहवाल मुदतीत आला नाही, तर आयोग स्वतः पुढे चौकशी करू शकतो.

तिसरे, तो तुरुंगांना आणि सरकारी निवासगृहांना भेट देऊन तेथील माणसांची स्थिती पाहू शकतो. पोलीस वा तुरुंगाच्या कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाल्यास २४ तासांच्या आत आपल्याला कळवावे, असे राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर १९९३ मध्येच सर्व राज्यांना बजावले.

चौथे, दोष आढळल्यास तो नुकसानभरपाईची, तातडीच्या मदतीची आणि दोषी लोकसेवकावर खटला भरण्याची शिफारस करू शकतो.

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे, आयोग स्वतः उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो.

३. आयोगाच्या हाती काय नाही?

आयोग कोणाला तुरुंगात धाडू शकत नाही. तो शिक्षा देत नाही, नोकरीतून काढत नाही. कायद्यातील शब्द 'शिफारस' हा आहे. सरकारने त्यावर काय केले ते साधारणपणे एका महिन्यात कळवावे, एवढे बंधन आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ साली राज्य आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक ठरविल्या, हे खरे. तरी शिफारस अमलात आणणारी स्वतःची यंत्रणा आयोगापाशी नाही.

आयोग पाहतो ते लोकसेवकाचे वर्तन. लोकसेवकाने केलेला हक्कभंग किंवा हक्कभंग रोखण्यात त्याने केलेली हयगय, हे त्याचे क्षेत्र. हा भेद नीट समजून घ्या. समजा, गावातील एका जमीनदाराने तुम्हाला मारहाण केली. ही फिर्याद पोलीस ठाण्याची आहे. पण फौजदाराने ती फिर्याद नोंदविली नाही, उलट तुम्हालाच दमदाटी केली, तर तेथे आयोगाचे दार उघडते.

सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत आयोग स्वतः चौकशी करीत नाही. केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करणे एवढेच तो करू शकतो.

शेवटची मर्यादा सर्वांनी पाठ करून ठेवावी. घटना घडल्यापासून एक वर्ष उलटले, तर आयोग चौकशी करू शकत नाही. तसेच जे प्रकरण राज्य आयोगापुढे किंवा कायद्याने स्थापलेल्या दुसऱ्या आयोगापुढे आधीच चालू आहे, त्यात राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. म्हणून एकाच अर्जाच्या पाच प्रती पाच ठिकाणी धाडणे शहाणपणाचे नव्हे. एकीमुळे दुसरी अडते.

४. चकमा बौद्धांचे उदाहरण

चकमा हे बहुसंख्येने बौद्ध असलेले लोक आहेत. पूर्व पाकिस्तानातील चितगावच्या डोंगरी भागात त्यांची वस्ती होती. काप्ताई धरणाने त्यांच्या जमिनी बुडाल्या, छळही होत होता. १९६४ च्या सुमारास हजारो कुटुंबे भारतात आली आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांना वसविण्यात आले. तीस वर्षांनी तेथील काही संघटनांनी त्यांना राज्य सोडून जाण्याची मुदत दिली. सुमारे ६५ हजार माणसांच्या डोक्यावर टांगती तलवार आली.

त्यांनी आपली समिती केली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने राज्य सरकारला विचारणा केली. समाधानकारक उत्तर येईना. तेव्हा आयोग १९९५ साली स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. कोणत्या दाराने गेला? कलम ३२ च्या. ज्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले होते, त्याच दाराने.

९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे. चकमांना बळजबरीने हुसकावून लावता येणार नाही. त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज अडवून ठेवू नयेत. माणसे वाचली. आयोगाचे हे मोठे काम होय.

परंतु पुढचेही वाचा. नागरिकत्वाचा प्रश्न रेंगाळतच राहिला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, तोही चकमांच्याच समितीने न्यायालयाचे दार ठोठावले म्हणून. आयोगाने संकट टाळण्यास मदत केली, हक्क घरी आणून दिला नाही. त्यासाठी त्या लोकांना वीस वर्षे संघटना टिकवावी लागली.

५. परभणीचा धडा

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १० डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे मानवी हक्क दिनीच, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, हिंसाचार झाला, धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा एक तरुण विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली. त्यांचा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगापुढे आला आणि आयोगाने नोटिसा काढल्या. हे काम आवश्यकच होते. पण पोलिसांवर गुन्हा नोंदविण्याचा आदेश कोठून आला? मुलाची आई उच्च न्यायालयात गेली. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी तिची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्याच महिन्यात त्याची मागणी फेटाळली गेली. ती माता आयोगाच्या भरवशावर घरी बसून राहिली असती तर काय झाले असते, याचा विचार करा.

६. आपल्या घरासाठी

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला एक भीती घातली जाते. "आता तुम्ही बौद्ध झालात, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तुम्हाला लागू नाही." ही भीती खोटी आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेला माणूस कायद्याने अनुसूचित जातीचाच धरला जातो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याला पूर्ण लागू आहे. म्हणून जातीचा दाखला घरात जपून ठेवा. धम्मात जातीला स्थान नाही. पण ज्या कागदाने कायद्याचे संरक्षण मिळते तो कागद हरवू नका.

जत्रेची वर्गणी नाकारली, मेलेले जनावर ओढण्यास नकार दिला, म्हणून दुकानदाराने किराणा बंद केला, कामावरून काढले, तर हा सामाजिक व आर्थिक बहिष्कार आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो या कायद्याखाली स्पष्ट गुन्हा ठरला आहे.

अशा वेळी क्रम असा ठेवा. प्रथम पोलीस ठाण्यात फिर्याद द्या आणि तिची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते. नोंद केली नाही, तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने धाडा आणि पोच जपून ठेवा. तरीही नोंद झाली नाही, तर वकिलाच्या सल्ल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. पोलिसांच्या हयगयीविरुद्ध याच काळात आयोगाकडे तक्रार करा. एका दाराशी थांबून दुसरे दार बंद होऊ देऊ नका.

आयोगाकडील तक्रारीला शुल्क लागत नाही. ती मराठीत लिहिली तरी चालते. तीत तारीख, वेळ, ठिकाण, लोकसेवकाचे नाव व हुद्दा, काय घडले आणि तुमची मागणी काय, एवढे सरळ लिहा. शिव्याशाप नकोत, ऐकीव गोष्टी नकोत. निनावी अर्ज किंवा मोघम अर्ज आयोग घेत नाही. नोकरीचे वाद, जमिनीचे दिवाणी वाद आणि न्यायालयात चालू असलेली प्रकरणेही तो घेत नाही.

हे सारे एकट्या कुटुंबाने करणे कठीण आहे. ज्याची मजुरी बुडते, त्याला कचेरीच्या खेपा परवडत नाहीत. म्हणून प्रत्येक विहारात एक वही असावी. कोणाची फिर्याद कधी दिली, उत्तर कधी आले, वर्षाची मुदत कधी संपते, हे तीत लिहावे. ही वही ठेवण्याचे काम शिकलेल्या मुलीकडे द्या. महिला मंडळाने दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर ती उघडून वाचावी.

तथागतांनी अखेरच्या दिवसांत आनंदाला जो उपदेश केला, त्याचा भाव हाच आहे की दुसऱ्याच्या आसऱ्यावर विसंबू नये. आयोगाचे दार ठोठावा, अवश्य ठोठावा. फक्त त्याला नवस बोलू नका.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. शेजाऱ्याने केलेला अन्याय आणि लोकसेवकाने केलेला अन्याय, यांत आयोगाच्या दृष्टीने काय फरक आहे?

२. आयोगाची 'शिफारस' आणि न्यायालयाचा 'आदेश' यांत भेद कोणता?

३. चकमा बौद्धांना १९९६ चा निर्णय मिळूनही पुन्हा न्यायालयात का जावे लागले?

४. आपल्या वस्तीत एक वर्षाच्या मुदतीत बसणारे एखादे प्रकरण आहे काय? त्याची फिर्याद कोठे अडली आहे?

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.