खुश्की की कोंडा?

हिवाळा आला की काळ्या स्वेटरवर, ओढणीवर किंवा टोपीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी दिसू लागते. डोके खाजते. वर्गात कोणीतरी ते पाहून हसते, आणि मग मागच्या बाकावर जाऊन बसावेसे वाटते. घरी सांगितले तर नानी म्हणतात, "खुश्की झाली आहे, बेटा. डोक्याला तेल लाव." तुम्ही तेल लावता. कधी त्याने बरे वाटते, तर कधी खाज उलट वाढते. एकाच तेलाचे असे दोन परिणाम का होतात?

आधी शब्द पाहू. डोक्यातून गळणाऱ्या पापुद्र्यांना मराठीत 'कोंडा' म्हणतात. गव्हाचे पीठ चाळल्यावर चाळणीत जे साल उरते, तोही कोंडाच. जसे दिसले तसे नाव ठेवले. तुमच्या घरातला 'खुश्की' हा शब्द मात्र कारणही सांगून टाकतो. खुश्क म्हणजे कोरडे. हे कारण काही वेळा खरे असते, काही वेळा नसते.

खऱ्या कोरडेपणात काय होते? थंड हवेत पाण्याची वाफ कमी मावते. मालेगाव, अकोला, परभणी अशा समुद्रापासून दूरच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत हवा फार कोरडी होते. ती त्वचेतील ओलावा ओढून घेते. मुंबईकडे हा त्रास त्यामानाने कमी. त्यात थंडी म्हणून आपण कडकडीत पाण्याने न्हातो. हे पाणी डोक्याच्या त्वचेवरचे नैसर्गिक तेल धुऊन नेते. मग त्वचा ताणल्यासारखी वाटते आणि तिचे बारीक, पांढरे, कोरडे कण गळतात. अशा वेळी बहुधा ओठ आणि हातपायही फुटलेले असतात. न्हायला कोमट पाणी घ्यावे, अंगाचा साबण डोक्याला लावू नये आणि न्हाण्याच्या आधी तासभर थोडे खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. नानींचा सल्ला येथे अगदी योग्य आहे.

कोंड्याची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच डोक्यावर एक सूक्ष्म बुरशी राहते. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ साली तिचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून तिला मालासेझिया म्हणतात. त्वचेतील ग्रंथींमधून जे तेल पाझरते, ते तिचे अन्न. वयात येताना या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. म्हणून तुमच्या आठ वर्षांच्या भावाला सहसा कोंडा नसतो आणि तुम्हाला होतो. बुरशीने तेल खाल्ले की काही आम्ले तयार होतात. ती पुष्कळांना सोसतात, काहींना सोसत नाहीत. ज्यांना सोसत नाहीत त्यांची त्वचा चिडते. एरवी त्वचेची नवी पेशी वर येऊन गळून पडायला सुमारे एक महिना लागतो. चिडलेल्या त्वचेत हे काम घाईने होते आणि पेशी पुंजक्यांनी गळू लागतात. हा कोंडा जरा मोठा, पिवळट आणि तेलकट असतो. कधी तो भुवयांत, कानामागे आणि नाकाच्या कडेलाही दिसतो.

ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची असेल तर तिला ऑलिव्हचे तेल देतात! आता सांगा, अशा डोक्यावर रात्रभर तेल थापून ठेवले तर मेजवानी कोणाची?

कोंड्यावर औषधी शाम्पू उपयोगी पडतो. (शाम्पू हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच नेला आहे. 'चांपना' म्हणजे अंग दाबणे, मालिश करणे. मूळचे पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे मालिशचे स्नानगृह चालवले. तेथे 'शाम्पू' म्हणजे मालिशच होती. केस धुण्याचा अर्थ पुढे आला.) डॉक्टर बहुधा २ टक्के केटोकोनाझोल असलेला शाम्पू सांगतात. तो आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. पण पुष्कळ जण तो लावतात आणि लगेच धुऊन टाकतात. मग औषधाचे पैसे वाया जातात. फेस केसांना नव्हे, त्वचेला लागला पाहिजे आणि तीन ते पाच मिनिटे तसाच राहिला पाहिजे. कोंडा कायमचा जाईलच असे नाही. पुढच्या हिवाळ्यात तो परत येऊ शकतो. तेव्हा पुन्हा तोच उपाय करावा.

डोक्याला लिंबू चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. खाजवून त्वचा सोलली असेल तर लिंबाने आग होते. नखांनी खाजवू नये. ओले केस ओढणीखाली बांधून ठेवू नयेत. आधी वाळू द्यावेत.

कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे कोंडा असलेल्या मुलीशेजारी बसायला कोणी नाही म्हणत असेल, तर ते चूक आहे. उवांचे मात्र तसे नाही. एखादा पांढरा ठिपका बोटांनी ओढून पाहा. सहज निघाला तर कोंडा. केसाला घट्ट चिकटून राहिला तर ती लीख असण्याचा संभव आहे. डोक्यावर गोल चट्टा पडून तेथले केस तुटत असतील, तर तो दाद म्हणजे गजकर्ण असू शकतो. तो कंगवा आणि टोपी यांतून पसरतो आणि नुसत्या शाम्पूने जात नाही. पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. असा चट्टा, पू किंवा जाड चंदेरी खपल्या दिसल्या तर सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना डोके दाखवा. दुकानदाराने हातात दिलेले मलम लावू नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस खाज थांबते आणि आतला रोग वाढत राहतो.

शब्दार्थ
पापुद्रा – पातळ थर
पाझरणे – हळूहळू बाहेर येणे
सोसणे – सहन होणे
लीख – उवेचे अंडे

स्वाध्याय
१. 'खुश्की' आणि 'कोंडा' या दोन शब्दांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
२. लहान मुलांना सहसा कोंडा का होत नाही?
३. कारण लिहा : औषधी शाम्पू लावल्यावर लगेच डोके धुऊ नये.
४. तुमच्या घरी डोक्याच्या खाजेवर कोणते उपाय करतात? अम्मीला किंवा नानीला विचारा आणि मराठीत पाच वाक्ये लिहा. त्यांतला कोणता उपाय कोरडेपणावर चालेल आणि कोणता कोंड्यावर, हेही लिहा.