लोखंडी कुंपणाचा करार

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ही स्थानके मागे टाकून या दुसऱ्या चांदुरावरून नागपूरकडे जातो. या भागातील कुंपणे पूर्वापार बोरी-बाभळीच्या काट्यांची. परसाला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड घालावा, पावसाळ्यात तो कुजावा आणि पुढच्या वर्षी घरच्याच माणसांनी नवा उभारावा, असा क्रम असे. त्या कामाला ठेकेदार लागत नसे आणि करारही लागत नसे. लोखंडी कुंपणाची गोष्ट निराळी आहे. ते उभारणारा परका असतो, त्यात साठवलेला पैसा गुंततो आणि त्यातील दोष रंगाखाली किंवा मातीखाली झाकले जातात.

कुंपण घालू इच्छिणाऱ्या गृहस्थाने ठेकेदाराला बोलावण्याआधी आपली हद्द निश्चित करून घ्यावी. शेजाऱ्याशी हद्दीविषयी थोडाही संशय असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करणे श्रेयस्कर. काट्यांचे कुंपण हातभर सरकविता येते. काँक्रीटमध्ये रोवलेला खांब सरकत नाही, आणि त्यापायी दोन घरांचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या बंद पडते.

पुढचा प्रश्न लोखंडाचा. ‘घडीव लोखंड’ हा शब्द ठेकेदारांच्या तोंडी सर्रास असतो. खरे घडीव लोखंड म्हणजे जवळजवळ कर्बरहित, तंतुमय आणि घणाखाली घडविता येणारे लोखंड. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ असा घडविलेला आहे. १८८९ साली पूर्ण झालेला पॅरिसचा आयफेल मनोराही याच जातीच्या लोखंडाचा. परंतु १८५६ साली बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत शोधली आणि घडीव लोखंडाचे दिवस फिरले. इंग्लंडमधील बोल्टन येथे चालू असलेला त्याचा अखेरचा कारखानाही १९७३ साली बंद झाला. म्हणून आज त्या नावाने जे कुंपण मिळते, ते बहुधा मऊ पोलादाचे असते. ते वाईट असते असे नाही. मात्र त्याला गंज लवकर चढतो, आणि कशाचे पैसे आपण देत आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

खरी मेख दरात असते. काही ठेकेदार फुटावर दर सांगतात, काही किलोवर. फुटाचा दर ठरला की सळई बारीक करण्याचा मोह होतो. किलोचा दर ठरला की नको तिथे जाड पट्ट्या आणि नक्षी वाढविण्याचा. तीस मीटर लांबीच्या आणि सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर उंचीच्या कुंपणाचे उदाहरण घेऊ. दहा दहा सेंटिमीटरवर एक उभी सळई धरली, तर सुमारे ३०० सळया लागतात, म्हणजे ३६० मीटर लोखंड. बारा मिलिमीटर जाडीच्या चौकोनी सळईचे वजन मीटरला १.१३ किलो भरते. दहा मिलिमीटरच्या सळईचे ०.७८५ किलो. पहिल्या जातीचे लोखंड ४०७ किलो होईल, दुसऱ्या जातीचे २८३ किलो. दोन मिलिमीटरचा फरक रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. पण तेवढ्यात सव्वा क्विंटल लोखंड नाहीसे झालेले असते. यास्तव दर कोणताही असो, सळईची जाडी, दोन सळयांमधील अंतर आणि खांबांची संख्या कागदावर आली पाहिजे. तयार चौकटी रंग देण्यापूर्वी वजनकाट्यावर चढवाव्यात. कापसाची गाडी काट्यावर गेल्याखेरीज सौदा पुरा न मानणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे निराळे सांगावयास नको!

रंगापूर्वी चौकटी पाहण्याचे आणखी एक कारण आहे. जोड पक्का करावयाचा तर वेल्डिंगची सलग रेघ ओढावी लागते; घाईत काम उरकणारा नुसते टाके मारतो. वर रंग चढला की दोन्ही सारखेच दिसतात. गंज न खरवडता दिलेला रंगही पहिल्या वर्षी सुरेख दिसतो.

तथापि वऱ्हाडात कुंपणाची परीक्षा लोखंडापेक्षा जमीनच अधिक घेते. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दीड फुटाच्या खड्ड्यात रोवलेला खांब वैशाखात अगदी घट्ट वाटतो; पुढच्या वैशाखात तो शेजाऱ्याच्या अंगणाकडे झुकलेला असतो. खड्डा शक्यतो मुरूम लागेपर्यंत न्यावा. काळीचा थर फार खोल असेल, तर खड्डा अधिक खोल व रुंद घेऊन बाजूने मुरूम भरावा. खांबाच्या बुडाशी पाणी साचते तिथेच गंज आधी लागतो. म्हणून काँक्रीटचा माथा उतरता ठेवावा आणि निदान आठवडाभर त्यावर पाणी मारावे. खांब पोकळ नळीचा असेल, तर त्याचे तोंड बंद करणे विसरू नये. खड्डे भरण्यापूर्वी धन्याने ते स्वतः पाहावेत, अशी अट करारात असावी. सचोटीच्या ठेकेदाराला या अटीचा राग येत नाही. उलट पुढे वाद उठला तर तीच त्याची साक्ष होते.

झाकलेल्या कामाची उपेक्षा किती महाग पडते, याचा दाखला चांदुरावरून जाणाऱ्या या लोहमार्गाच्याच इतिहासात सापडतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने आपली बहुतेक कामे ठेकेदारांकरवी करून घेतली. ज्या १८६७ साली तिचा मार्ग नागपूरला पोचला, त्याच साली भोर घाटातील तिचा एक मोठा दगडी पूल कोसळला. गवंडीकाम निकृष्ट असल्याचे मग उघडकीस आले. पूल उभा होता तोवर ते कोणाच्या डोळ्यांत आले नव्हते. त्याच घाटात १८५९ साली मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांचा मोठा उद्रेक झाला होता. ठेक्याच्या कामात फसवणूक एकाच बाजूने होत नाही. ठरलेला हप्ता धन्याने थकविला, तर ठेकेदाराचे वेल्डर आणि खड्डे खणणारे मजूर शनिवारी रिकाम्या हाताने घरी जातात.

म्हणून पैशाचे टप्पेही आरंभीच ठरवावेत. भारतीय करार कायदा १८७२ सालापासून लागू आहे. त्याप्रमाणे तोंडी करारही ग्राह्य ठरू शकतो. पण तोंडचा शब्द सिद्ध करताना दोन्ही पक्ष घामाघूम होतात. लोखंड खरेदीपुरता इसार, खड्डे व खांब झाल्यावर एक हप्ता, चौकटी बसल्यावर दुसरा, अशी विभागणी सोयीची असते. काम किती दिवसांत व्हावे, वीज कोणी पुरवावी, फाटकाच्या बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा दरात धरला आहे की नाही, हेही लिहावे. या बारीकसारीक बाबींवरूनच कामाच्या अखेरच्या दिवशी भांडणे होतात. दोघांच्या सह्या झालेली एक प्रत ठेकेदाराकडे, दुसरी धन्याकडे राहावी.

थोडी रक्कम मात्र पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याचे ठरवावे. सरकारी कामांतही ठेकेदाराची अनामत अशीच काही काळ अडकवून ठेवतात. पावसाळा सरून जमीन वाळली की दोघांनी मिळून कुंपणाच्या कडेने एक फेरी मारावी, प्रत्येक खांबाला ओळंबा लावावा, फाटक दोनदा उघडून मिटून पाहावे. आणि सर्व खांब सरळ असतील, तर राहिलेले पैसे त्याच जागी मोजून द्यावेत.